क्रमांक एकची जोडी का मोडली? चेन छिंगछेन आणि 2017 चा निर्णय

27 ऑगस्ट 2017 ही तारीख आपल्याकडे लक्षात राहिली ती पी. व्ही. सिंधू आणि नोझोमी ओकुहारा यांच्या 110 मिनिटांच्या अंतिम सामन्यामुळे. ग्लासगोच्या त्याच स्टेडियममध्ये, त्याच दिवशी, वीस वर्षांची एक चिनी मुलगी बॅडमिंटनच्या जागतिक स्पर्धेचे दोन अंतिम सामने खेळली आणि दोन्ही तीन-तीन गेमपर्यंत गेले. महिला दुहेरीत जिया यीफानच्या साथीने तिने युकी फुकुशिमा आणि सायाका हिरोता यांना 21-18, 17-21, 21-15 असं हरवलं. मिश्र दुहेरीत झेंग सीवेईच्या साथीने पहिला गेम 21-15 असा घेऊनही इंडोनेशियाच्या तोंतोवी अहमद आणि लिलियाना नात्सिर यांच्यापुढे तिला हार पत्करावी लागली. एका दिवसात सहा गेम, एक सुवर्ण, एक रौप्य. या मुलीचं नाव चेन छिंगछेन.

पुढच्या अडीच-तीन महिन्यांत चीनच्या प्रशिक्षकांनी तिची मिश्र दुहेरीची जोडी मोडायला घेतली. ही जोडी तेव्हा जागतिक क्रमवारीत पहिली होती. हरणाऱ्या जोड्या सगळेच मोडतात. जिंकणारी जोडी, तीही खेळाडू विशीत असताना मोडायची, याला वेगळी हिंमत लागते आणि वेगळा हिशेबही. तो हिशेब नीट समजून घ्यावा म्हणून हे प्रकरण इथे उलगडून मांडतो आहे. माझं म्हणणं आधीच सांगतो. चेन कोणत्या प्रकारात जास्त चांगली खेळते, यावर हा निर्णय ठरण्यासारखा नव्हता. कोणत्या प्रकारात तिची जागा दुसऱ्या कुणाला घेता येणार नाही, यावर ठरण्यासारखा होता.

ज्युनियरचे दिवस

चेनचा जन्म 23 जून 1997 चा, ग्वांगडोंग प्रांतातल्या मेइचौ भागातल्या शिंगनिंगचा. (चिनी नावात आडनाव आधी येतं, म्हणून पुढे तिला चेनच म्हणतो.) तिची महिला दुहेरीतली जोडीदार जिया यीफान तिआनजिनची, चेनपेक्षा फक्त सहा दिवसांनी लहान. झेंग सीवेई त्याच वर्षीचा, फेब्रुवारीतला, जेजियांगमधल्या वेनचौचा. म्हणजे तिघंही एकाच वयोगटातून वर आले.

ज्युनियर गटात चेन दोन्ही दुहेरी खेळत होती आणि दोन्हींत जिंकत होती. 2014 मध्ये मलेशियातल्या अलोर सेतारला झालेल्या ज्युनियर जागतिक स्पर्धेत तिने ‘हे जियाशिन’ या जोडीदाराबरोबर मुलींची दुहेरी आणि हुआंग काइशियांगबरोबर मिश्र दुहेरी जिंकली. 2015 मध्ये लिमात पुन्हा मिश्र दुहेरीचं सुवर्ण, यावेळी झेंगबरोबर. जोडीदार बदलत राहिले तरी किताब येत राहिले. प्रशिक्षकाच्या दृष्टीने अशी खेळाडू म्हणजे मोठाच दिलासा असतो. कुणाच्याही शेजारी उभी करा, ती जुळवून घेते.

पण पुढच्या अडचणीचं मूळही याच गुणात आहे. कुठेही चालणारी खेळाडू सगळीकडे वापरली जाते. 2016 च्या डिसेंबरात दुबईला सुपर सिरीजच्या, म्हणजे वर्षभरातल्या मोठ्या स्पर्धांच्या मालिकेच्या, अंतिम स्पर्धेत तिने दोन्ही किताब घेतले. मिश्र दुहेरीत झेंगबरोबर, आणि महिला दुहेरीत जियाबरोबर, तेही रिओ ऑलिंपिकची सुवर्णपदक विजेती जपानी जोडी मिसाकी मात्सुतोमो आणि अयाका ताकाहाशी यांना हरवून. एकोणीस वर्षांच्या मुलीने असं काही केलं की तिला एक प्रकार सोडायला सांगावं असं कुणाच्या मनातही येत नाही.

दोन दुहेरी, दोन वेगळे खेळ

टीव्हीवर पाहताना महिला दुहेरी आणि मिश्र दुहेरी सारख्याच वाटतात. कोर्ट तेच, रेषा त्याच, नियम तेच. पण कोर्टवरच्या बाईचं काम दोन्हींत जवळजवळ उलटं असतं, आणि हे समजल्याशिवाय चेनच्या प्रकरणाचा अर्थ लागत नाही.

मिश्र दुहेरी घ्या. पुरुष सर्व्हिस करत असला तरी त्याची जोडीदार त्याच्या पुढे, नेटजवळ उभी असते. पहिले तीन-चार फटके तिचे. रॅकेट खांद्याच्या वर धरलेली, गुडघे वाकलेले, पावलं छोटी. समोरच्याने शटल सपाट मारलं की ते वाटेतच अडवायचं आणि असं खाली दाबायचं, की त्याला ते उंच उचलण्यावाचून गत्यंतर उरू नये. उचललं की मागून जोडीदाराचा स्मॅश. म्हणून प्रतिस्पर्धी तिला नेटवरून हटवायला बघतात. शटल तिच्या डोक्यावरून टाकतात, तिला मागच्या कोपऱ्यात ओढतात आणि पुरुषाला पुढे यायला लावतात. अशा वेळी तिने डोक्यावरून जाणारं शटल सोडून द्यायचं असतं. मागे जोडीदार आहे, ते त्याचं.

महिला दुहेरीत तेच शटल तिचं असतं. मागे धावायचं, उडी घेऊन स्मॅश मारायचा, आणि तो परत येणार हे गृहीत धरून लगेच दुसऱ्यासाठी तयार राहायचं. महिला दुहेरीत एका स्मॅशवर गुण क्वचितच मिळतो. बचाव इतका पक्का असतो की चाळीस-पन्नास फटक्यांच्या रॅली नेहमीच्या. स्मॅश, ड्रॉप, पुन्हा स्मॅश, मग जागांची अदलाबदल, मागची पुढे, पुढची मागे, आणि पुन्हा तेच. इथे नेटवर ठाण मांडून बसणाऱ्या खेळाडूचा काही उपयोग नाही.

आता विचार करा. डोक्यावरून जाणारं एकच शटल सकाळच्या सामन्यात सोडायचं आणि संध्याकाळच्या सामन्यात धावून घ्यायचं. हा निर्णय विचार करून घ्यायला वेळ नसतो. शरीराला सवय असावी लागते, आणि दोन उलट सवयी एकाच आठवड्यात जागत्या ठेवणं हे काम दिसतं त्यापेक्षा फार अवघड आहे. चेनला ते जमत होतं, यातच तिची जात कळते.

दमणुकीचा हिशेब वेगळाच. मोठ्या स्पर्धेत किताबासाठी पाच फेऱ्या. दोन प्रकार म्हणजे शेवटपर्यंत गेल्यास आठवड्यात दहा सामने, शनिवारी दोन उपांत्य, रविवारी दोन अंतिम. एका प्रकारात जितकं जास्त जिंकाल तितके दुसऱ्या प्रकारात थकून उतराल. त्यात 2018 पासून जागतिक महासंघाने वर्ल्ड टूर सुरू केली आणि दुहेरीतल्या पहिल्या दहा जोड्यांना वर्षाला किमान बारा मोठ्या स्पर्धा सक्तीच्या केल्या. निर्णय झाला तो या वेळापत्रकाच्या तोंडावर.

रिओनंतरची पोकळी

1996 ते 2012 या काळात ऑलिंपिकमधलं महिला दुहेरीचं सुवर्ण सलग पाच वेळा चीनकडे गेलं. गे फेई आणि गू जुन यांनी दोनदा, मग यांग वेई-झांग जिएवेन, दू जिंग-यू यांग, तियान छिंग-झाओ युनलेई. 2016 मध्ये रिओत मात्र चीनला महिला दुहेरीत एकही पदक मिळालं नाही. तांग युआनतिंग आणि यू यांग चौथ्या आल्या. सुवर्ण जपानचं, रौप्य डेन्मार्कचं, कांस्य कोरियाचं. त्यानंतर झाओ, यू यांग, तियान ही पिढी बाहेर पडली. हाताशी उरल्या त्या विशीतल्या मुली, आणि समोर जपान एका मागोमाग एक तगड्या जोड्या उभ्या करत होता.

मिश्र दुहेरीची स्थिती तितकी वाईट नव्हती. रिओत तिथेही चीनला कांस्यावरच समाधान मानावं लागलं होतं, पण पुढची फळी तयार होती. लू काई आणि हुआंग याचियोंग यांनी 2017 ची ऑल इंग्लंड जिंकली. त्याच वर्षी दिल्लीच्या इंडिया ओपनच्या अंतिम सामन्यात त्यांनी झेंग-चेन जोडीलाच हरवलं. वांग यील्यू आणि हुआंग दोंगपिंगही वर येत होते.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये दीर्घकाळ मुख्य प्रशिक्षक राहिलेले ली योंगबो पायउतार झाले. एकेरी आणि दुहेरी वेगळ्या झाल्या आणि दुहेरीची सूत्रं झांग जुन यांच्याकडे आली. मे महिन्यात गोल्ड कोस्टला सुदिरमान चषकाच्या, म्हणजे मिश्र सांघिक जागतिक स्पर्धेच्या, अंतिम लढतीत कोरियाने चीनला 3-2 असं हरवलं. 2005 पासून सलग सहा वेळा जिंकलेला चषक गेला, तो शेवटच्या मिश्र दुहेरीच्या सामन्यात. त्या सामन्यात चीनकडून उतरले होते लू काई आणि हुआंग याचियोंग. कोरियाच्या चोई सोल-ग्यू आणि चे यू-जुंग यांनी त्यांना नमवलं.

झांग जुन यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी. सिडनी 2000 आणि अथेन्स 2004 अशा दोन्ही ऑलिंपिकमध्ये त्यांनी गाओ लिंगबरोबर मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं होतं. गाओ लिंग दोन्ही वेळी महिला दुहेरीही खेळली. सिडनीत कांस्य, अथेन्सला रौप्य. जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी ती एक, पण ऑलिंपिकचं महिला दुहेरीचं सुवर्ण तिला कधीच मिळालं नाही. दोन प्रकार खेळणाऱ्या खेळाडूची काय ओढाताण होते, हे झांग जुन यांनी कोर्टवर तिच्या शेजारी उभं राहून पाहिलेलं होतं.

नोव्हेंबर 2017

चीनमध्ये राष्ट्रीय संघातल्या जोड्या प्रशिक्षक ठरवतात. खेळाडूची पसंती विचारात घेतली जात असेल, पण अंतिम शब्द तिचा नसतो. नोव्हेंबरमध्ये फूचौला झालेल्या चायना ओपनमध्ये झेंगच्या शेजारी हुआंग याचियोंग उतरली. चेनपेक्षा तीन वर्षांनी मोठी, नेटवर अत्यंत शांत आणि चपळ. दोघांनी ती स्पर्धा जिंकली. पुढच्याच आठवड्यात हाँगकाँग ओपनही जिंकली.

मग डिसेंबरात दुबई. तिथली पात्रता वर्षभराच्या गुणांवर ठरते, त्यामुळे झेंगबरोबर चेनच उतरली. आणि त्यांनी किताब राखला! एका महिन्याच्या आत झेंगने दोन वेगवेगळ्या जोडीदारांबरोबर जगातल्या सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी काही जिंकल्या.

या महिन्याकडे लोक झेंगच्या कौतुकासाठी बघतात. मला त्यात निर्णयाचा पुरावा दिसतो. झेंग कुणाबरोबरही जिंकू शकत होता. त्याच्या शेजारी चेन असणं चांगलं होतं, पण अनिवार्य नव्हतं. जियाच्या शेजारची जागा अशी नव्हती. जिया डावखुरी, चेन उजवी. दोघी बाजूबाजूला उभ्या असल्या की मधल्या पट्ट्यात शटल टाकताना समोरच्यांना दर वेळी नवा अंदाज बांधावा लागतो, कारण जागा बदलल्या की दोघींचे फोरहँडही बाजू बदलतात. शिवाय दोघीही मागून जोरात मारणाऱ्या. त्यामुळे कोण पुढे, कोण मागे याची फिकीर न करता त्या फिरत राहू शकत होत्या. तेव्हाच्या चीनकडे महिला दुहेरीसाठी चेनच्या तोडीची दुसरी मागून मारणारी खेळाडू नव्हती. नेटवर चेनच्या तोडीची, किंबहुना वरचढ, हुआंग याचियोंग होती.

हा निर्णय सगळ्यांनाच मानवला असं नाही. लू काई त्या वर्षीचा ऑल इंग्लंड विजेता होता आणि त्याच्या बाजूची खेळाडू काढून दुसऱ्याला दिली गेली. त्यानंतर तो पुन्हा त्या उंचीवर दिसला नाही. संघाच्या हिशेबात अशी एक ओळ असतेच, आणि ती वाचायला कडू लागते. चेनच्या बाजूनेही बघा. ज्या प्रकारात जगात पहिला क्रमांक, लागोपाठ दोन दुबई किताब, तो प्रकार विसाव्या वर्षी हातातून सोडायचा.

मधली वर्षं

2018 साली नानजिंगला, घरच्या प्रेक्षकांसमोर, झेंग आणि हुआंग मिश्र दुहेरीत जगज्जेते झाले. चेन आणि जिया गतविजेत्या म्हणून उतरल्या आणि पदकाविना परतल्या. महिला दुहेरीचा अंतिम सामना दोन जपानी जोड्यांत झाला. 2019 मध्ये बासेलला त्याच दोन जपानी जोड्या, मायु मात्सुमोतो-वाकाना नागाहारा आणि फुकुशिमा-हिरोता, पुन्हा अंतिम फेरीत. चेन-जिया पुन्हा पदकाबाहेर. तिकडे झेंग-हुआंग यांनी किताब राखला.

त्या दोन वर्षांत कुणी म्हटलं असतं की चेनचं नुकसान झालं, तर उत्तर देणं कठीण होतं. सोडलेल्या प्रकारात दुसरी मुलगी सुवर्ण घेत होती आणि ज्या प्रकारासाठी सोडलं तिथे पदक नव्हतं. मात्र बाकीच्या स्पर्धा पाहिल्या की चित्र थोडं बदलतं. 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत चेन-जिया यांनी मात्सुतोमो-ताकाहाशींना हरवून सुवर्ण घेतलं. 2019 ची ऑल इंग्लंड जिंकली, वर्षाच्या शेवटी ग्वांगचौला वर्ल्ड टूरची अंतिम स्पर्धाही जिंकली, आणि दोन्हीकडे अंतिम फेरीत हरवलं ते मात्सुमोतो-नागाहारा या जगज्जेत्यांनाच. जपानविरुद्धची दरी भरून निघत होती. फक्त जागतिक स्पर्धेचा तो एक आठवडा साधत नव्हता.

मग टोकियो. महामारीमुळे एक वर्ष उशिरा, रिकाम्या स्टेडियममध्ये. गटसाखळीत कोरियाच्या किम सो-योंग आणि काँग ही-योंग यांच्याविरुद्धच्या सामन्यात चेनच्या ओरडण्याने वाद ओढवला. प्रत्येक गुणानंतर मोठ्याने ओरडणं ही तिची जुनीच सवय, पण रिकाम्या हॉलमध्ये प्रत्येक शब्द माइकवर स्पष्ट आला आणि त्यात एक शिवी ऐकू आली. कोरियाच्या संघटनेने तक्रार केली. चेनने समाजमाध्यमावर माफी मागितली आणि आपल्या उच्चारामुळे गैरसमज झाल्याचं म्हटलं. उपांत्य फेरीत तीच कोरियन जोडी पुन्हा समोर आली आणि चेन-जिया सहज जिंकल्या.

2 ऑगस्ट 2021 च्या अंतिम सामन्यात समोर होत्या इंडोनेशियाच्या ग्रेसिया पोली आणि अप्रियानी राहायू. या सामन्यातली एक रॅली दुहेरी शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला दाखवावी अशी आहे. दुसऱ्या गेममध्ये रॅली चालू असतानाच ग्रेसियाच्या रॅकेटची तार तुटली. ती थांबली नाही. धावत कोर्टच्या कडेला गेली, बॅगेतून दुसरी रॅकेट उचलली आणि परत जागेवर आली. तेवढा वेळ अप्रियानीने एकटीने कोर्ट सांभाळलं. गुण इंडोनेशियाला मिळाला. 21-19, 21-15. चौतिशीच्या उंबरठ्यावरच्या ग्रेसियाला सुवर्ण, चेन-जियाला रौप्य. त्या स्पर्धेत झेंग-हुआंग यांनाही रौप्यच मिळालं, वांग यील्यू आणि हुआंग दोंगपिंग या संघसहकाऱ्यांनी त्यांना तिसऱ्या गेममध्ये 21-19 असं हरवलं. मोडलेल्या जोडीचे दोन्ही अर्धे एकाच ऑलिंपिकमध्ये सोन्यापासून एक पायरी खाली थांबले.

पिकलेलं फळ

यानंतर जे घडलं ते मोजकंच सांगतो, कारण ते आकड्यांतच स्पष्ट आहे. जागतिक स्पर्धा आधी. डिसेंबर 2021, स्पेनमधलं वेल्वा: सुवर्ण (इंडोनेशियाचा संघ त्या स्पर्धेत उतरला नव्हता, हे नोंदवायला हवं). ऑगस्ट 2022, टोकियो: सुवर्ण, किम-काँग यांच्यावर. ऑगस्ट 2023, कोपनहेगन: सुवर्ण, अप्रियानी आणि तिची नवी जोडीदार सिती फादिया यांच्यावर. 2017 चं धरून चार जागतिक किताब. गाओ लिंग आणि हुआंग सुई यांचे तीन होते. त्यांच्या पुढे गेलेली ही पहिली महिला जोडी. हांगचौ आशियाई स्पर्धेतही सुवर्ण.

3 ऑगस्ट 2024, पॅरिस. अंतिम सामना दोन चिनी जोड्यांत. समोर लिऊ शेंगशू आणि तान निंग, वयाने सहा-सात वर्षांनी लहान. पहिला गेम 22-20 पर्यंत ताणला गेला, दुसरा 21-15. चेन-जिया ऑलिंपिक विजेत्या झाल्या. आदल्याच दिवशी झेंग-हुआंग यांनी कोरियाच्या किम वोन-हो आणि जोंग ना-इऊन यांना 21-8, 21-11 असं निष्प्रभ केलं होतं.

एक जोडी मोडून उभ्या राहिलेल्या दोन जोड्यांनी त्यानंतर सहा जागतिक किताब, दोन ऑलिंपिक सुवर्णं आणि दोन रौप्यं मिळवली. जोडी तशीच ठेवली असती तर काय झालं असतं, याचं उत्तर कुणाकडेच नाही. झेंग-चेनही कदाचित जगज्जेते झाले असते. पण एकीच्या पायांवर हे सगळं ओझं पेललं असतं, हे मला पटत नाही.

झाओ युनलेईने कसं जमवलं?

हा आक्षेप रास्त आहे. झाओ युनलेईने लंडन 2012 मध्ये महिला आणि मिश्र अशी दोन्ही सुवर्णं घेतली. एका ऑलिंपिकमध्ये बॅडमिंटनची दोन सुवर्णं घेणारी ती पहिलीच. 2014 आणि 2015 च्या जागतिक स्पर्धांतही तिने दोन्ही प्रकार जिंकले. मग चेनला का नाही?

लंडनची परिस्थिती आठवून पाहा. महिला दुहेरीत मुद्दाम हरण्यावरून चार जोड्या बाद झाल्या, त्यात अग्रमानांकित चिनी जोडी यू यांग-वांग शियाओली होती. (आणि ग्रेसिया पोलीही, तेव्हाच्या जोडीदारासह. टोकियोचं सुवर्ण तिला किती गोड लागलं असेल!) झाओची थोरवी यामुळे कमी होत नाही, पण वाट मोकळी झाली होती. 2014-15 मध्येही महिला दुहेरीत चीनचाच दबदबा होता. 2017 नंतर तसं उरलं नव्हतं. आणि रिओला स्वतः झाओ फक्त मिश्र दुहेरी खेळली. तिच्यासारख्या खेळाडूनेही शेवटी एक वाट धरली.

चेनच्या नंतरच्या उदाहरणांतही हेच दिसतं. कोरियाच्या सेओ सुंग-जेने 2023 च्या जागतिक स्पर्धेत पुरुष आणि मिश्र अशी दोन्ही सुवर्णं घेतली. पुढच्या वर्षी पॅरिस ऑलिंपिकला दोन्ही प्रकारांत उतरून पदक एकही नाही. तिथल्या मिश्र दुहेरीच्या उपांत्य फेरीत किम वोन-हो सेओच्याच जोडीविरुद्ध खेळताना कोर्टवर ओकला, इतका तो पिळून निघाला होता. 2025 मध्ये या दोघांनीही मिश्र दुहेरी सोडली, एकमेकांचे जोडीदार झाले आणि पुरुष दुहेरीत जगज्जेते झाले.

आपल्याकडे हा प्रश्न कुठे आहे

सात्त्विकसाईराज रंकीरेड्डी एकेकाळी अश्विनी पोनप्पाबरोबर मिश्र दुहेरीही खेळायचा. 2018 च्या जागतिक स्पर्धेत ते दोघे उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले आणि हरले ते झेंग-हुआंग यांच्याकडूनच. पुढे त्याने मिश्र दुहेरी सोडली आणि आपल्या मुंबईच्या चिराग शेट्टीबरोबर सगळं लक्ष पुरुष दुहेरीवर लावलं. थॉमस चषक, जागतिक कांस्य, आशियाई सुवर्ण हे सगळं त्यातून आलं. चिरागच्या शेजारी सात्त्विकला पर्याय नव्हता, त्यामुळे हा निर्णय तुलनेने सोपा होता.

अवघड प्रश्न तनिषा क्रास्टोचा आहे. मूळची गोव्याची, दुबईत वाढलेली ही मुलगी ध्रुव कपिलाबरोबर मिश्र दुहेरी खेळते आणि अश्विनीबरोबर महिला दुहेरीत पॅरिस ऑलिंपिकला उतरली होती. चीनकडे हुआंग याचियोंग तयार होती म्हणून त्यांना चेनला मिश्र दुहेरीतून मोकळं करता आलं. आपल्याकडे दोन्ही बाजूंना इतकी फळी नाही, म्हणून 2017 चा हिशेब जसाच्या तसा लावता येत नाही. दोन्हीकडे तनिषाच लागते. अशा वेळी जोडीदारांच्या वयाकडे पाहावं असं मला वाटतं. अश्विनीचा जन्म 1989 चा, ध्रुवचा 2000 चा. महिला दुहेरीत तनिषाला आज ना उद्या नव्या जोडीदाराबरोबर पहिल्यापासून सुरुवात करावीच लागेल. ध्रुवबरोबर ती 2025 च्या जागतिक स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचलेली आहे. पुढच्या ऑलिंपिकची पात्रता फेरी सुरू होण्याआधी तिने मिश्र दुहेरी धरावी आणि महिला दुहेरीसाठी संघाने दोन-तीन नव्या मुलींना मोठ्या स्पर्धांत उतरवायला आतापासून सुरुवात करावी. हा निर्णय तिच्यावर एकटीवर टाकू नये. तो प्रशिक्षकांनी तिच्याशी बोलून, वेळेत घ्यावा.